बत्तीस अक्षरांची अर्धी चावी

रऊफभाई,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. अध्यक्षसाहेब बोलले, तेवढं सगळ्यांना पुरलं. तुम्ही संगणकक्षेत्रातला ध्रुवतारा होतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तुम्हालाही नसावं. बॅनरवरचा फोटो तुमच्या चितेगावच्या कारखान्यातल्या जुन्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे तुम्ही काहीतरी चोरताना सापडल्यासारखे दिसत होता. दोन मिनिटांची शांतता चाळीस सेकंदांत उरकली, कारण साहेबांना पुढे एका उद्घाटनाला जायचं होतं. तुम्ही शेजारी असता तर हळूच म्हणाला असता, "बाई, राहिलेली पेंडिंग ठेवा."

ती राहिलेली मी आता भरून काढते आहे.

सभा संपल्यावर साहेबांनी मला जिन्यापाशी गाठलं. "रऊफचा पासवर्ड तुमच्याकडे असेल ना?"

मी म्हणाले, पासवर्डचा प्रश्न नाही, चावीचा आहे. तिची अर्धी माझ्याकडे आहे. अर्धी त्यांच्याकडे होती.

"मग ते 'फरगॉट पासवर्ड' करा की!" असं म्हणून ते गाडीत बसले. हा माणूस आपल्या केंद्राचा अध्यक्ष आहे, आणि तिसरी प्रत याच्याकडे ठेवा म्हणून मी तुमच्याशी भांडले. हे आधीच कबूल करून टाकते.

तुम्ही केंद्रात पहिल्यांदा आलात ते प्रिंटर दुरुस्त करायला. औरंगपुऱ्यात औषधांच्या दुकानावरच्या आपल्या त्या दोन खोल्या. घरात मार खाल्लेल्या बायका जिना चढून येतात, सांगतात, आणि मी लिहून घेते. त्या दिवशी एका बाईचा दीर तीन माणसं घेऊन आला होता. त्यानं कपाट उघडलं, रजिस्टर काढलं आणि टेबलावर बसून वाचायला लागला. मोठ्यानं. आधी आपल्या भावजयीचं, मग बाकीच्यांचंही. तुम्ही प्रिंटरच्या मागून उठलात, त्याच्या हातातलं रजिस्टर काढून घेतलंत आणि म्हणालात, "दादा, प्रिंटर दुरुस्त झाला. आता पोलिसांना पत्र छापता येतं." तो गेला. तुम्ही मात्र सहा वर्षं राहिलात.

मग सगळे जबाब क्लाउडवर गेले. क्लाउड म्हणजे काय हे मी विचारलं तेव्हा तुम्ही ढगांबद्दल काही बोलला नाहीत, याबद्दल मी आजही तुमची ऋणी आहे. दुसऱ्याच्या इमारतीत भाड्यानं घेतलेलं कपाट, एवढंच म्हणालात. कंपनी त्या कपाटाला कुलूप लावूनच देते. आत पडून असलेला प्रत्येक शब्द एन्क्रिप्शननं उलटापालटा केलेला असतो. पण चावीही कंपनीच सांभाळते. "कपाट त्यांचं असू द्या. चावी आपली पाहिजे," तुम्ही म्हणालात. तशी सोय होती. आपली चावी आपण तयार करायची, ती कंपनीच्या तिजोरीत ठेवायला द्यायची आणि मूळ प्रत आपल्याकडे ठेवायची. चौसष्ट अक्षरं, मधले आकडे धरून. प्रिंटरच्या पोटात प्रत राहते म्हणून तुम्ही ती छापली नाहीत. बत्तीस तुम्ही स्वतःसाठी लिहून घेतलीत, बत्तीस माझ्यासाठी एका कागदावर उतरवलीत. माझी मी घरच्या शब्दकोशात ठेवली, कारण आमच्याकडे तो माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

आणि मग तुमचं ते खूळ. तुम्ही चावीला एक वर्षाची मुदत घातलीत. वर्ष भरलं की कंपनीच्या तिजोरीतली प्रत आपोआप पुसली जायची. त्याआधी आपण दोघांनी एकत्र बसून तीच चावी पुन्हा भरायची. मी माझी बत्तीस अक्षरं टाइप करायची तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे. तुम्ही तुमची करायची तेव्हा मी. "तोंड फिरवा, बाई." तुमच्या छोट्या प्रोग्रॅमच्या खिडकीत अक्षरांच्या जागी नुसते ठिपके उमटायचे, तरी तोंड फिरवायचं. मी त्याला राज्याभिषेक म्हणायचे. हार-तुरे तेवढे राहिले, असं म्हणायचे. तुम्ही हसायचात आणि भिंतीकडे बघत उभे राहायचात.

जबाबांत शहराच्या नावाचा रकाना होता. कुणी जुनं नाव सांगायची, कुणी नवं. साहेबांना ते सगळं एकसारखं करून हवं होतं. तुम्ही हात लावू दिला नाहीत. "जबाब तिचा, तर शहर बी तिचंच," म्हणालात. तुमचा इतका मोठा राजकीय विचार मी दुसरा ऐकला नाही.

आता भांडणाकडे येते.

यंदाची मुदत महिन्याभरावर आली होती. तुमच्या छातीत दोन स्टेंट, माझ्या डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू.

"तिसरी प्रत काढा आता," मी म्हणाले. "बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. साहेबांच्या नावानं."

"साहेबांच्या? बाई, सकाळी चावी दिली तर दुपारी तिचा फोटो ग्रुपवर. वर हार घालून."

"मग मुदत तरी काढून टाका. 'मुदत नाही' असा पर्याय आहे ना? एकदा भरली की सुटलो."

"नाय. मुदत नसली की आपण इसरणार. जी चावी कधी लागत नाय ती हरवलेलीच असती. आपल्याला कळायचं तेवढं राहतं."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तुम्हाला झालं तर?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी बी नाय."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "तुम्हाला त्या बायकांचं काही पडलेलं नाही, रऊफभाई. तुम्हाला तुमचं कुलूप प्यारं आहे."

तुम्ही लॅपटॉप मिटलात. "व्हय बाई," म्हणालात, आणि डबा घेऊन जिना उतरलात. पुढचे तीन आठवडे आला नाहीत. तुम्ही रुसलात असं मी धरून चालले. माफीचं एक वाक्य मी मनात तयार केलं. मग मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईसारखी ते सुधारत बसले. आधी लांबलं, मग फार कोरडं झालं, मग त्यात 'परंतु' आला. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा ते खर्ड्यातच होतं.

तुमच्या मातीनंतर चौथ्या दिवशी कंपनीचा मेल आला. मुदत संपायला सात दिवस उरले. तुम्हालाही आला असणार. तुम्ही गेल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. मी शहागंजात तुमच्या घरी गेले. नसीमभाभी तख्तावर बसल्या होत्या, पांढरी ओढणी घेऊन. मी धीराचे दोन शब्द बोलले. चहा आला. कागदाचं विचारायचं म्हणून आलेली मी, जिचा नवरा चार-पाच दिवसांपूर्वी गेला तिला 'त्यांच्या कपाटात एक चिठ्ठी आहे का बघता?' असं कुठल्या तोंडानं विचारणार? चहा प्यायले, उठले. भाभी दारापर्यंत आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. मी चप्पल घातली आणि निघाले.

मेलनंतर आठव्या दिवशी सकाळी केंद्रात पडद्यावर एक ओळ आली : चावी उपलब्ध नाही.

बस, एवढंच. काही जळलं नव्हतं, चोरी झाली नव्हती. सगळं होतं तिथंच होतं. साहेब म्हणाले, "बॅकअप असेलच की." बॅकअप होता. त्यालाही तेच कुलूप होतं. मी कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडचा आवाज फार गोड होता.

"मॅडम, तुमचा डेटा पूर्णपणे सुरक्षित आहे."

"माझ्यापासून?"

"हो मॅडम. सगळ्यांपासून."

"तुमच्याकडे चावीची प्रत असेलच."

"नाही मॅडम. ती आमच्याकडे राहू नये म्हणूनच तर तुम्ही ही सोय घेतलीत."

मी फोन ठेवला आणि तुम्हाला शिव्या दिल्या. नाव घेऊन दिल्या. मग कपाट उघडलं. त्यात आता बिस्किटांचे पुडे असतात. कागद तुमच्याच सांगण्यावरून आपण फाडून टाकले होते. सहा वर्षं ऐकलेलं माझ्या डोक्यात होतं, पण गोळा होऊन. कुणाच्या अंगावर गरम तवा टाकला होता आणि कुणाला विहिरीच्या काठावर उभं केलं होतं, हे एकमेकांत मिसळून गेलं होतं. मी रोज येऊन त्या पडद्यासमोर बसत होते. बंद दाराबाहेर बसतात तशी. आतल्या बायका आत, मी बाहेर, आणि दार मीच निवडलेलं.

त्या आठवड्यात फुलंब्रीची मंगल आली. दीड वर्षापूर्वी तिनं दिलेला जबाब नऊ पानांचा होता, दंडाचे चार फोटो होते. तिची कोर्टाची तारीख पुढच्या मंगळवारी. वकिलांना ती नऊ पानं हवी होती. मी तिला खरं ते सांगितलं.

"परत सांगू म्हणता?" ती म्हणाली. "बाई, तवा ताजं हुतं. आता तारखा इकडच्या तिकडं झाल्या तर त्यांचा वकील म्हणंल, बाई बनवून सांगती."

"फोटो?"

"त्यो मोबाइल त्यानं हौदात टाकला. तुमाला म्हाईतच हाय की." मग रागानं नव्हे, आठवण करून दिल्यासारखं म्हणाली, "तुमीच म्हणला हुता, हितनं आता कुनी काय नेऊ शकत नाय."

खरंच होतं. कुणीच नेऊ शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुमच्या घरी गेले. या वेळी चहा यायच्या आत विचारलं.

"भाभी, रऊफभाईंनी एखादा कागद ठेवलाय का? छोटा, हातानं लिहिलेला."

"कागद जाळला त्यांनी. बशीत. बशी अजून काळी हाय, घासून निघंना."

भाभी तशाच बघत होत्या.

"तुम्ही मागायला आल्या का, बाई?"

"हो."

"साहेबानं धाडलं?"

"नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही."

"मग ठीक हाय. ते बोलले होते, बाई खुद मागतील तवाच दे. मागच्या टायमाला तुम्ही आल्या, चाय पिऊन गेल्या. मी वाट बघत बसले, तुम्ही मागतच नाय."

"मला लाज वाटली, भाभी."

"मला वाटलं, नको असंल."

मग त्यांनी सांगितलं. ते तीन आठवडे तुम्ही रुसला नव्हता. रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर तुम्ही या तख्तावर बसत होता आणि बायकोकडून बत्तीस अक्षरं पाठ करून घेत होता. अजिंठ्यात वडिलांसमोर बसून लहानपणी अख्खं कुराण पाठ केलेली बाई. तिच्या दृष्टीनं ही बत्तीस अक्षरं म्हणजे किरकोळ काम.

"मी बोलले, ये क्या है जी? ना दुआ, ना गाना. ते बोलले, अमानत है, नसीम. रोज म्हण."

"आमचं भांडण झालं होतं, ते बोलले तुम्हाला?"

"हौ. बोलले, बाई बरोबर बोलल्या." भाभींनी ओढणी सारखी केली. "पण त्यांना सांगू नको, बोलले."

मी खिडकीकडे बघितलं. बाहेर काही नव्हतं.

"मग सांगा ती अक्षरं," मी म्हणाले. "मी लिहून घेते. मंगळवारी एका पोरीची तारीख आहे."

"नाय. दोन्ही अर्ध्या एकाच माणसाकडं गेल्या, मग कायची अमानत? ते बोलले होते, बाई घाई करतील."

तुम्ही गेल्यावरही मला अडवायची सोय करून ठेवली होती. आणि भाभींना केंद्रात येता येत नव्हतं. नवरा गेल्यावरची इद्दत सुरू होती, चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मंगलला तिच्या घरात जाता येत नव्हतं, भाभींना त्यांच्या घरातून निघता येत नव्हतं, आणि मला माझ्याच कपाटात हात घालता येत नव्हता. साहेब तेवढे कुठंही जाऊ शकत होते, आणि जातही होते.

तेव्हा कुलूपच भाभींकडे न्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून, शब्दकोशातला कागद पर्समध्ये ठेवून मी शहागंजात पोचले. लॅपटॉप तख्तावर ठेवला, मोबाइलचं नेट जोडलं, तुमचा प्रोग्रॅम सुरू केला.

"तोंड फिरवा, भाभी."

"मी बी?"

"नियम आहे."

त्या भिंतीकडे वळल्या. मी माझी बत्तीस भरली. मग त्या बसल्या आणि मी वळले. भाभींनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता. इंग्रजी अक्षरं नातवाचा अभ्यास घेताना ओळखीची झालेली. ओठांतल्या ओठांत पुटपुट, मग एक बोट, एक टक. परत पुटपुट. समोरच्या भिंतीवर तुमचं कॅलेंडर होतं. नळाला पाणी कधी आलं त्याच्या वेळा तुम्ही चौकटीत लिहिल्या होत्या, आठवड्याला एखादी. तुमच्या शेवटच्या आठवड्याची चौकटही भरलेली होती. भिंतीकडे तोंड करण्याचा एक उपयोग मला त्या दिवशी कळला. माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

"झालं."

मी बटण दाबलं. उत्तर आलं : ही ती चावी नाही.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मला मनातून खात्रीच झाली होती. साठीतली बाई, नुकती विधवा झालेली, ना अर्थ ना चाल अशी बत्तीस अक्षरं. चुकणारच.

"भाभी, मधलं एखादं मागंपुढं…"

"माझं चुकत नाय, बाई." आवाज जराही चढला नाही. "अब्बांनी जेर-जबरचा, काना-मात्रेएवढा बी फरक पडू दिला नाय कधी. तुमचा कागद बघा."

मी चष्मा पुसून कागद बघितला. दरवर्षी उघडून-मिटून घडीवरची शाई उडाली होती. एकविसावं अक्षर बरोब्बर घडीवर. तिन्ही वेळा मी ते इंग्रजी बी वाचलं होतं. आता नीट बघितल्यावर वाटलं, आठही असेल. की बीच? माझ्या मोतीबिंदूला दोन्ही सारखेच.

"एकच अक्षर दाखवते तुम्हाला. बाकीवर हात ठेवते."

"चालतं का?"

"एकानं काही होत नाही."

भाभींनी कागद उजेडात धरला. मग उठून कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. पाणी आल्याची एक वेळ : 8.10. तुमचा आठ वरून मिटलेला नव्हता. वरचं तोंड जरासं उघडं, रेघ डावीकडे ओढलेली. दुसऱ्या चौकटीतही तसाच, आणि कागदावर उरलेल्या शाईतही. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

मी आठ टाइप केला. त्या बसल्या, मी वळले. पुटपुट, टक. पुटपुट, टक.

चावी स्वीकारली.

मंगलची नऊ पानं सगळ्यात आधी उघडली. चारही फोटो होते. शहराचं जुनं नाव तिनं सांगितलं होतं, तसंच होतं. मी ती वाचली नाहीत. वकिलांना धाडली आणि बंद केली. मंगलला फोन केला. "मिळाली का? बरं झालं," ती म्हणाली, "मला वाटलं, परत समदं उकरावं लागतंय."

मग ती शेवटची खिडकी. मुदत निवडा. एक वर्ष, किंवा मुदत नाही. मी ज्यासाठी तुमच्याशी भांडले तो पर्याय माझ्या बोटाखाली होता आणि अडवायला तुम्ही नव्हता. वाद जिंकायची याहून सोपी संधी मला मिळणार नाही. मी तशीच बसून राहिले.

"काय इचारतंय ते?" भाभींनी विचारलं.

मी सांगितलं.

"वर्षाचं केलं तर पुढल्या साली परत असं बसावं लागंल? तुम्ही, मी?"

"लागेल."

"आणि ते दुसरं केलं तर?"

"तर यायची गरज नाही."

भाभींनी काळी बशी उचलली, तिच्यावर कप ठेवला. "मग वर्षाचंच करा," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी एक वर्ष निवडलं. त्या कप घेऊन आल्या, तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता.

"म्हणजे ह्यांचंच बरोबर होतं म्हणायचं का, बाई?"

"हो," मी म्हणाले. "पण त्यांना सांगू नका."